आठचा जुना, सहाचा नवा

साल्किनने काउंटरवर दोन प्रोसेसर ठेवले. एक काळ्या फोममध्ये रुतवलेला होता, वरच्या पत्र्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. दुसरा सीलबंद खोक्यात.

"हा जुना," ती म्हणाली. "एका ऑफिसच्या मशीनमधून निघालाय. आठ कोअर. बुरुल एजेच्या मशीनमधल्या मदरबोर्डावर सरळ बसेल, बाकी काही बदलायला नको. नऊ हजार सोम. आणि हा नवा. कोअर सहाच, पण बराच पुढच्या पिढीचा. याला बोर्डही नवा लागतो. मेमरी तुमचीच चालेल. दोन्ही मिळून बावीस हजार."

तुर्दाकुन दोन्हींकडे बघत राहिला. खिशात चोवीस हजार होते. शरद ऋतूतली लग्नं सुरू होईपर्यंत तेवढेच.

"आठ मोठे की सहा?"

"बाइके," ती थोरल्या भावाला म्हणतात तशी म्हणाली, "आठच मोठे. पण ही मेंढरं नाहीत, नुसती मोजून चालत नाही."

ती हसली. तो हसला नाही, म्हणून तिनेही हसू आवरलं. कॉम्प्युटर बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर पंखे फिरत होते आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते. जुलै महिना होता. बाहेर रस्त्यावर कलिंगडांचे ढीग लागले होते.

"काम काय करायचंय?"

"लग्नाची फिल्म. गेल्या सप्टेंबरची. मशीनवर उघडतो तर चित्र अडकतं. नवरी एक पाऊल टाकते आणि थांबते. मग एकदम चार पावलं पुढे."

"कॅमेरा कोणता?"

"नेहमीचाच."

"म्हणजे तो जुना काळा?"

"हो."

हे खोटं होतं. साल्किनने मान हलवली आणि फोमवर बोट ठेवलं. "मग हा घ्या. त्या कॅमेऱ्याला आठ कोअर भरपूर झाले. सात दिवसांत परत आणलात तर पूर्ण पैसे देईन, फक्त पिना वाकवू नका."

त्याने नऊ हजार मोजून दिले. खोटं का बोललो हे त्याला ठाऊक होतं, पण जिना उतरताना त्याने त्याचा विचार केला नाही. हल्ली बऱ्याच गोष्टींचा विचार न करणं त्याला जमायला लागलं होतं.

तुर्दाकुन आणि त्याची बायको बुरुल, साल्किनची एजे म्हणजे ताई, यांचा धंदा एकच होता. त्याने लग्नं चित्रित करायची, तिने घरी बसून ती कापून जोडायची. एकवीस वर्षं असंच चाललं. कॅमेऱ्याला तिने हात लावला नाही, कॉम्प्युटरला त्याने. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी ती पलंगावरून उठली, डोकं दुखतंय म्हणाली आणि दुपारपर्यंत संपली. पन्नास वर्षांची होती. त्याच्या नऊ दिवस आधी, सप्टेंबरअखेर, त्यांनी शारिपा एजेच्या मुलाचं लग्न चित्रित केलं होतं. ती फिल्म राहून गेली.

शारिपा एजेने थडग्यावर मूठभर माती टाकली, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला येऊन जेवली, पण फिल्मचं नाव काढलं नाही. दुखवट्याच्या घरात जाऊन लग्नाची फिल्म कोण मागणार? हिवाळा गेला, वसंत गेला. जूनच्या शेवटी तिला नातू झाला, आणि मग मात्र फोन आला.

"तुर्दाकुन, आम्ही घाई करत नाही हं," ती म्हणाली. "पण पुढच्या शनिवारी पाळण्याची मेजवानी आहे. नवरीचं माहेर तालासहून येतंय, साठ माणसं. त्यांनी मुलीचं लग्न अजून पडद्यावर पाहिलेलं नाही. माझी विहीण विचारते, फिल्म काढणारा जिवंत आहे ना? अल्लाह, काय बोलून गेले मी."

"जिवंत आहे," तुर्दाकुन म्हणाला. "शनिवारी आणतो."

ही फिल्म झाली नाही तर शरद ऋतूत कुणी बोलावणार नाही, हे उघड होतं. साठ माणसं म्हणजे साठ घरं. पण त्याला टोचत होतं ते तेवढंच नव्हतं. बुरुलच्या हातातलं ते शेवटचं काम होतं, आणि ते अर्धं पडलं होतं. यापलीकडे त्याला धड काही वाटत नव्हतं. भूक वेळेवर लागायची, झोप वेळेवर यायची. लोक म्हणायचे, सावरलास. तो हो म्हणायचा.

घरी आला तेव्हा काल्बु जेने स्वयंपाकघरात बोरसोक तळत होती. ती त्याच्या थोरल्या भावाची बायको, जेने म्हणजे वहिनी. बुरुल गेल्यापासून ती दर गुरुवारी दोन बस बदलून यायची, कणकेचे चौकोन कापून तेलात सोडायची आणि वास घरभर होऊ द्यायची, म्हणजे गेलेल्या माणसाला कळतं की घरात त्याची आठवण आहे. खिडक्या मुद्दाम बंद ठेवायची. जुलैतसुद्धा.

"आलास, धाकट्या?" ती म्हणाली. सासरच्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणून तिने लग्न होऊन आल्या वर्षी त्याला धाकट्या हाक मारायला सुरुवात केली होती. आता तो त्रेपन्न वर्षांचा होता. "हातात काय आहे?"

"प्रोसेसर. कॉम्प्युटरचा."

तिने झारा तसाच धरून ठेवला. "नवा?"

"जुना. वापरलेला."

"मग ठीक. वर्ष व्हायच्या आधी घरात नवी वस्तू आणू नये. आमच्या नारिनमध्ये तरी आणत नाहीत. ऑक्टोबरात वर्षाचं जेवण होऊ दे, मग काय हवं ते आण. बायको आणलीस तरी मी बोलणार नाही."

"जेने."

"बरं बरं. बोलले होते का? नाही बोलले." तिने एक बोरसोक त्याच्या तळहातावर ठेवला. तो भाजत होता. त्याने तसाच खाल्ला.

जुना घेतला ते बरंच झालं, असं त्याला वाटलं. जेनेच्या नियमात बसत होतं, खिशात बसत होतं, आणि बुरुलच्या बोर्डाला हात लावावा लागत नव्हता. इतक्या गोष्टी एकदम बसल्यावर माणूस आणखी काय बघणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मशीन टेबलावर आडवं ठेवून उघडलं. आत धूळ नव्हती. त्याला वाटलं होतं, असेल. बुरुल रंगाच्या ब्रशने पंखे साफ करायची आणि तो ब्रश डब्याच्या आतच रबराने बांधून ठेवलेला होता. त्याने पंखा काढला, जुनी पेस्ट पुसली, चार कोअरचा प्रोसेसर काढून आठचा बसवला, वाटाण्याएवढी पेस्ट लावली, पंखा दाबला. साल्किनने कागदावर लिहून दिलं होतं तसंच. मशीन सुरू झालं. त्याने लग्नाची फाईल उघडली.

नवरी एक पाऊल टाकून थांबली. मग एकदम तीन पावलं पुढे गेली.

चारऐवजी तीन. नऊ हजारांत एक पाऊल मिळालं. दुपारपर्यंत तो तेच तेच करत बसला. दहा मिनिटांचा तुकडा कापायला त्याला दोन तास लागले आणि तोही चुकीच्या जागी कापला गेला. शनिवारला आठ दिवस होते आणि चित्रीकरण सात तासांचं होतं.

तीनच्या सुमारास त्याने साल्किनला फोन केला.

"पुन्हा अडकतंय."

"अडकायला नको. बाइके, खरं सांगा, कॅमेरा कोणता?"

त्याने नाव सांगितलं. गेल्या ऑगस्टमध्ये घेतलेला.

"अरे देवा. तो? मग मी काल विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? त्याची फाईल फार दाबून भरलेली असते. ती उलगडायची सोय नव्या प्रोसेसरमध्ये आतच असते. जुन्यात नाही. आठ कोअर घ्या, सोळा घ्या, सगळे मिळून धापा टाकतील."

"हं."

"पण मग," साल्किन म्हणाली, आणि तिचा आवाज हळू झाला, "एजे कसं करायची? ऑगस्टनंतर तुम्ही लग्नं केलीत ना?"

"चार केली."

"त्याच चार कोअरवर?"

"त्याच्यावरच. तिचं कधी अडकलं नाही."

पलीकडे साल्किन कुणाला तरी सुटे पैसे देत होती. नाण्यांचा आवाज आला. मग ती म्हणाली, "चहा."

"काय चहा?"

"एजे प्रती काढायची. आधी सगळ्या फाईलींच्या हलक्या प्रती करायच्या, त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाईली जोडायच्या. प्रती काढायला तीन-चार तास लागतात, तोवर मशीनला हात लावता येत नाही. मला सांगायची, मी प्रती लावते आणि चहा घेऊन बसते. त्या फोल्डरला तिने नावच ते दिलं होतं. शोधा. आणि स्वतः नवीन प्रकल्प उघडू नका, तिचाच उघडा. खाली एक बटण असेल, प्रती वापरा म्हणून, ते दाबा."

त्याने फोन ठेवला.

आता त्याला कालच्या खोट्यामागच्या गोष्टीचा विचार करावा लागला. ऑगस्टमध्ये कॉम्प्युटरसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. बुरुलने ते दोन वर्षं जमवले होते. तेवढ्यात तो कॅमेरा स्वस्तात मिळाला आणि तो म्हणाला, आधी कॅमेरा घेऊ, चित्र चांगलं असेल तर गिऱ्हाईक येईल, कॉम्प्युटर काय, चालतोय की. बुरुल म्हणाली, घे. एवढंच म्हणाली. जेनेने कॅमेरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा नव्या वस्तूवर ठेवायची बायगाझी म्हणून शंभर सोमची नोट त्याच्यावर ठेवली, आणि बुरुलने ती घडी करून कॅमेऱ्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

त्यानंतर तो लग्न उरकून दुसऱ्या दिवशी दुपारी उठायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात बसलेली असायची. समोर चहाची वाटी, हात मांडीवर. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत गुणगुणत असायचा. आणि तो म्हणायचा, मालकीणबाई, किती चहा पिणार? तुझी फिल्म होईपर्यंत नवऱ्या बाळंत होतील.

ती म्हणायची, होऊ देत, पाळण्याचीही तूच काढ.

त्याने डिस्कवर शोधलं. 'चहा' नावाचं फोल्डर होतं. आत चार लग्नं होती, आणि चौथं शारिपा एजेचं. सात तासांच्या सगळ्या फाईलींच्या प्रती. तारीख ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची.

त्याने तिचा प्रकल्प उघडला आणि बटण दाबलं. नवरी दारातून आली, चालली, चालत राहिली, सासूने तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधला. कुठेही अडकलं नाही.

खालच्या पट्टीवर तिने जागोजागी खुणा करून ठेवल्या होत्या. खुणेवर माउसचा बाण नेला की अक्षरं दिसायची. तो एकेक वाचत गेला. 'काकांचं पोट कापायचं.' 'आवाज खराब, गाणं टाक.' 'हे पाचदा घेतलंय, का?' 'गायक जेवतोय, काढ.' त्याच्यासाठी त्यात काही नव्हतं. कामाच्या नोंदी होत्या. दोन तास अकरा मिनिटांवर शेवटची खूण होती: 'इथून उद्या.'

तुर्दाकुनने ती वाचली. मग उठून पाणी प्यायला. स्वयंपाकघरात अजून तेलाचा वास होता. नळाखाली वाटी धुतली, पालथी ठेवली आणि परत येऊन बसला.

पुढचे सहा दिवस तो त्याच खुर्चीवर होता. जिथे तिच्या खुणा होत्या तिथे तिने सांगितलं ते केलं. काकांचं पोट कापलं. पाचदा घेतलेल्यातलं एक ठेवलं. दोन तास अकरा मिनिटांनंतर त्याला सांगणारं कुणी नव्हतं. तिथे आधी त्याचा हात चालेना, सगळंच ठेवावंसं वाटे, कारण सगळं त्यानेच काढलेलं होतं. मग तो तिच्यासारखं बघायला लागला. गायक जेवतोय, काढ. कॅमेरा उगाच छतावर गेलाय, काढ. त्याच्या चित्रीकरणात किती कचरा असतो हे त्याला एकवीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

गुरुवारी जेने आली, तळून गेली, त्याच्या कोपराशी ताटली ठेवून गेली. शुक्रवारी सकाळी त्याने मूळ फाईली जोडून मशीनला पूर्ण फिल्म तयार करायला लावली. सहा तास लागले. आठ कोअरचा पंखा ओरडत होता. तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. करण्यासारखं काही नव्हतं. चहा केला आणि प्यायला, मग पुन्हा केला. खिडकीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसत होती, तिथे एक बाई गालिचा झटकत होती. बुरुल हेच बघायची तर.

शनिवारी त्याने फिल्म पोचवली. शारिपा एजेच्या अंगणात साठ माणसं होती, वर मांडव, मध्ये पाळणा. नवरीचे वडील पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. शारिपा एजेने तुर्दाकुनच्या हातात मांसाची पिशवी दिली. "बुरुलने केलीय हे कळतं," ती म्हणाली. "काकांचं पोट कुठेच नाही."

"तिनेच केलीय," तो म्हणाला.

"आणि सप्टेंबरच्या वीस तारखेला माझ्या भाचीचं लग्न आहे. येशील ना?"

"बघतो."

घेतलेल्या प्रोसेसरचे सात दिवस गुरुवारीच संपले होते. सोमवारी तो तरीही साल्किनकडे गेला. प्रोसेसर फोमसकट खिशात होता, पिना सरळ होत्या. तिने भिंगाखाली धरून पाहिल्या.

"चार दिवस उशीर," ती म्हणाली. "फिल्म झाली?"

"झाली. प्रती सापडल्या."

"मग परत कशाला करताय? आता पद्धत कळलीय. लावा प्रती, प्या चहा. तेरा हजार वाचतात. मी दुकानदार आहे, असं सांगू नये, पण सांगते."

तुर्दाकुन काउंटरच्या काचेतून खाली बघत होता. आत स्क्रूंचे डबे होते. जुना ठेवला तर प्रत्येक लग्नाला चार तास स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीवर बसावं लागणार होतं. त्याला बसायला हरकत नव्हती. हरकत नव्हती म्हणूनच तो आला होता. एकदा बसला तर तो तिथेच बसून राहील, लग्न असो नसो, हे त्याला शुक्रवारी कळलं होतं.

"तिने कधी विचारलं होतं? त्या नव्याबद्दल?"

साल्किनने खालून वही काढली. पानं उलटली. "जुलै, गेल्या वर्षी. 'बुरुल एजे, सहा कोअर आणि बोर्ड, बाजूला ठेव.' तेव्हा चोवीस होता. ऑगस्टमध्ये मी फोन केला तर म्हणाली, दुसऱ्याला दे, आमचं काही घाईचं नाही."

"दोन हजारांनी उतरला तर."

"वर्ष झालं ना. उतरतात."

"तोच दे."

तिने जुन्याचे पूर्ण नऊ हजार धरले. वरचे पैसे घेतले, बोर्डाचं खोकं आणि प्रोसेसरचं खोकं एकावर एक ठेवून सुतळीने बांधलं. पावतीवर नाव लिहिताना तिचं पेन थांबलं. तिने तुर्दाकुनचं नाव लिहिलं.

नवा बसवायला त्याला दोन दिवस लागले. बुरुलचा बोर्ड त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला, ब्रश नव्या बोर्डाशेजारी बांधला. सप्टेंबरची मूळ फाईल उघडली. नवरी दारातून आली आणि चालत गेली. काहीही आधी करावं लागलं नाही. त्याने शेवटपर्यंत पाहिलं नाही, बंद केलं.

गुरुवारी जेने आली. चप्पल काढता काढताच तिला टेबलावरची रिकामी खोकी दिसली. तिचा चेहरा बदलला. तोंड उघडलं, नारिनचा नियम आता तिथून बाहेर येणार हे त्याला दिसत होतं. पण तिचा हात त्याआधीच पिशवीत गेला होता. साठ वर्षांत तिने एकही नवी वस्तू रिकाम्या हाताने पाहिली नव्हती, आणि हात थांबायला तयार नव्हता. शंभर सोमची नोट बाहेर आली. ती नोटेकडे बघत उभी राहिली.

"हे काय केलं मी?" ती म्हणाली.

"बायगाझी दिलीस, जेने."

"वर्ष व्हायच्या आत." तिने नोट परत पिशवीत घालून पाहिली, पण एकदा बाहेर काढलेली आत कशी घालायची? शेवटी तिने ती मशीनवर ठेवली आणि वर बोरसोकच्या पिठाची पिशवी ठेवली, जणू वाऱ्याने उडेल. खिडक्या तर बंदच होत्या. "बुरुलला नवाच हवा होता. मला माहीत होतं. मला वाटलं, तुलाही माहीत असेल."

"नव्हतं."

"आता झालं ना. भाचीच्या लग्नाला जाणार आहेस?"

"वीस तारखेला. हो."

"जा." तिने तेलाची कढई चढवली. "चहा ठेव, धाकट्या. हे तापेपर्यंत पिऊन होईल."

त्याने किटली भरून शेगडीवर ठेवली. नोट घडी करून कॅमेऱ्याच्या पिशवीत आतल्या कप्प्यात घातली, तिथे एक आधीपासून होती. मशीन बंद होतं. दोघं टेबलाशी बसली आणि तेल तापायची वाट बघत राहिली.